मुलगा हलगीच म्हणतोय, घरात पेटी की कीबोर्ड यावर वाद. वाद्य नक्की ठरवतं कोण?

जुळेसोलापूरची_आई
२१ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल. थोडक्यात विचारलं की लोक 'कीबोर्ड घ्या' एवढंच लिहून निघून जातात, म्हणून सगळं सांगते.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. यंदा गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, त्याला पहिल्यांदा मिरवणुकीला नेलं. इतकी वर्षं गर्दीच्या भीतीनं पाळणे आणि बुड्ढी के बाल एवढ्यावरच भागवत होतो. बाळीवेशीत हिरेहब्बू वाड्याजवळ काठ्या निघायच्या वेळी उभे होतो. आजूबाजूची पोरं माना वर करून नंदीध्वजांकडं बघत होती आणि आमचा पठ्ठ्या हलगीवाल्यांकडं. एका आजोबांनी कागद पेटवून त्यावर हलगी फिरवली, टिचकी मारून कानाशी धरली, पुन्हा फिरवली. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झालं आणि सगळ्या हलग्या एकदम सुरू. मी कानावर हात ठेवले. यानं नाही ठेवले.

तेव्हापासून घरात काही शाबूत नाही. परात, डब्यांची झाकणं, कपाटाचं दार. एका हातात खराट्याची काडी, दुसऱ्यात उलथन्याचा तुटका दांडा. दोन्ही वेगळं कशाला रे, विचारलं तर म्हणतो, "एक ठोकायची असते आणि एक थरथरायची."

मग विषय निघालाच की त्याला काहीतरी शिकायला घालू या. आणि तिथून महाभारत. मिस्टरांचं म्हणणं कीबोर्ड. कारण त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा वाजवतो, आणि हेडफोन लावला की शेजाऱ्यांना त्रास नाही. सासूबाई म्हणतात, माळ्यावर तुझ्या सासऱ्यांची पेटी पडून आहे, ती असताना विकत कशाला आणायचं? सासरे गिरणीत होते, भजनात पेटी वाजवायचे. ते गेल्यापासून कुणी ती खाली काढलेली नाही. मी तबला म्हणतेय. कारण खरं सांगते, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास जिथं आहे त्याच्या पुढच्याच गल्लीत तबल्याचा आहे, एका फेरीत दोघांचं होईल. आणि तबला म्हणजे हलगीच्या जवळचंच झालं की नाही?

हलगीचं नाव काढल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपल्यात हलगी कोण वाजवतं?" त्यावर घरात कुणीच पुढं बोललं नाही. मीसुद्धा नाही.

तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी वाद्य कसं ठरवलं? आणि त्याला तबल्याला घातलं तर ती फसवणूक होईल का?


शेंगाचटणी
२१ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, मी गिटार निवडली होती. अकरावीत. कारण वर्गात एकजण वाजवायचा आणि त्याच्याभोवती कायम सात-आठ जण बसलेले असायचे. (त्यातल्या चारजणी होत्या, हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं.) बोटांना घट्टे पडले, तीन कॉर्ड आल्या, माझ्याभोवती कोणी बसलं नाही. आता हॉलच्या भिंतीवर टांगलीय. पाहुणे विचारतात, वाजवता का? मी म्हणतो, तार तुटलीय. नऊ वर्षं तीच तार तुटलेली आहे.

पोराला हलगी द्या. निदान त्याला कुणाला इम्प्रेस करायचं नाहीये.


पेटीवाले_सर
२२ जानेवारी, दुपारी ३.१५

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी साखर पेठेत पेटी आणि तबला शिकवतो, एकतीस वर्षं झाली. खालच्या मजल्यावरची एक खोली, दोन पेट्या, चार जोड तबले. शेजारी पूर्वी माग चालायचे. मागाच्या आवाजात वाढलेली पोरं लयीला पक्की असणार अशी माझी सुरुवातीला फार समजूत होती. तसं काही नसतं. ती पोरं फक्त मोठ्यानं वाजवतात.

वाद्य कोण ठरवतं, याबद्दल माझ्याकडं एक वही आहे. प्रवेशाची. नाव, इयत्ता, पत्ता, फोन आणि शेवटचा रकाना, 'हेच वाद्य का?' तो रकाना मी मुलालाच भरायला लावतो, आईबापांना हात लावू देत नाही. काल तुमचा प्रश्न वाचून जुन्या वह्या काढून बसलो. काही उत्तरं जशीच्या तशी देतो.

"घरी आहे म्हणून."
"दीदी येते म्हणून."
"रिक्षावाले काका इथंच सोडतात."
"तबले दोन असतात."
"पेटीवर बसून वाजवता येतं." (याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तो पोरगा पेटीवर बसायचा मात्र नाही.)
"बासरी दप्तरात मावते पण सर बासरी शिकवत नाहीत."
"पप्पा रडले."

हे शेवटचं २०२४ च्या डिसेंबरातलं. १५ तारखेला तबल्याचे उस्ताद झाकीरभाई (झाकीर हुसेन) गेले, त्याच आठवड्यात एक गृहस्थ सात वर्षांच्या पोराला घेऊन आले. लहानपणी स्वतःला शिकायचं होतं, राहून गेलं, हे सांगताना त्यांना पुन्हा भरून आलं. पोरगा त्यांच्याकडं बघत होता, तबल्याकडं नाही. मी घेतलं त्याला, नाही कसं म्हणणार? येतोय अजून. बरा आहे. पण मला सारखं वाटतं की तो वडिलांचं ऋण फेडायला येतो.

तर वाद्य बहुतेक वेळा घर ठरवतं, किंवा रस्ता ठरवतो. तुम्ही 'एका फेरीत दोघांचं होईल' असं लिहिलंत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं त्याच हिशेबानं येतात. आणि गंमत म्हणजे, टिकण्याशी त्या पहिल्या कारणाचा फारसा संबंध नसतो. 'रिक्षावाले काका'वाला पोरगा अकरा वर्षं आला, प्रारंभिकपासून विशारद पूर्ण करून गेला. 'पप्पा म्हणाले' लिहिणारे सातवी-आठवीत गळतात. ट्यूशन सुरू झाली की पहिला बळी वाद्याचा. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर काहीजण परत येतात, परीक्षांपुरते. त्यांना मी शिकवतो, पण त्यांच्यासाठी तबला नीट स्वरात लावत बसत नाही. माझा दोष आहे तो.

जे मुलांनी कधी ऐकलंच नाही ते वाद्य वहीत येत नाही. आपल्या सोलापूरच्या सिद्राम जाधवांनी सुंदरी वाजवली. सनईच्या जातीचं, तिच्याहून लहान वाद्य. पण माझ्या वहीत आजवर एकाही पोरानं 'सुंदरी शिकायची होती' असं लिहिलेलं नाही. सतार एकदा आली, एकदाच. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या पंढरपूर भागात पिकतो, मिरजेला जाऊन त्याची सतार आणि तंबोरा होतो, २०२४ साली मिरजेच्या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरच्या पोराला मात्र तो भोपळा भाजीच्या गाडीवरचाच वाटतो.

आता तुमच्या मुलाचं. सगळ्या मजकुरात मला एकच ओळ महत्त्वाची वाटली, ती दोन काड्यांची. चमचे घेऊन डबे बडवणारी पोरं मी शेकड्यानं बघितलीत. ती दोन सारख्या गोष्टी घेतात. दोन चमचे, दोन पेन्सिली. तुमच्यानं एक जाड, एक लवचिक घेतली. म्हणजे त्या गर्दीत त्यानं दोन आवाज वेगळे ऐकले. माझ्याकडं नवीन मूल आलं की मी त्याला वाद्याला हात लावू देत नाही, म्हणतो तोंडानं वाजवून दाखव. ज्याच्या तोंडातून 'धा' आणि 'ना' वेगळे निघतात त्याची मला काळजी नसते. तुमच्या पोराला म्हणा, हलगी तोंडानं वाजव. रेकॉर्ड करून ठेवा.

पेटीबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण फुकट आहे म्हणून पेटी देऊ नका. इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे भात्याचं कातडं गेलेलं असणार, सुरांच्या पट्ट्यांवर गंज, आतलं मऊ कापड उंदीर-झुरळांनी खाल्लेलं. दुरुस्तीला देण्याआधी बघायला घेऊन या, मी पैसे घेत नाही. खरी अडचण वेगळी. त्या पेटीबरोबर आजोबा येतात. पोरगं दोन दिवस बसलं नाही की आजीला वाटणार, यांची आठवण टाकली.

आणि 'आपल्यात कोण वाजवतं' याबद्दल. ज्या पेटीला आज आपण घरंदाज म्हणतो ती आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंद होती. परकी म्हणून, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही म्हणून. तबला कोणत्या माड्यांवर वाजायचा हे आमच्या गुरुजींच्या पिढीला माहीत होतं. सनई देवळाच्या आणि वाड्याच्या दाराबाहेर बसायची. तीच बिस्मिल्ला खाँसाहेबांनी १९४७ साली लाल किल्ल्यावर वाजवली. वाद्यांची पत अशी वरखाली होत असते.

हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट टोचतेय. वीसेक वर्षांपूर्वी एक मुलगी तबल्याला आली होती. रकान्यात लिहिलं होतं, "मला डग्ग्याचा आवाज पोटात लागतो." मी तिच्या आईला म्हणालो, मुलीच्या जातीला पेटी बरी, मांडी घालून डग्गा दाबत बसलेली मुलगी बरी दिसत नाही. आईला पटलं. मुलीला पेटीवर बसवलं. चार महिने आली. वही काढली तेव्हा ती ओळ पुन्हा दिसली. एकतीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

तबला म्हणजे फसवणूक का? माझ्या मते एक वर्ष तबला करावा, बोटं आणि मात्रांचा हिशेब बसतो, मग हलगी सोपी जाईल. पण त्याला स्पष्ट सांगून आणा. 'ही हलगीच आहे' असं खोटं सांगू नका.


धाधिंधिंधा
२२ जानेवारी, रात्री ९.३०

सरांची शेवटची गोष्ट वाचून जरा वेळ काही लिहिता आलं नाही. मी ती मुलगी नाही, आधीच सांगते. पण मला तबलाच मिळाला, कारण माझ्या गुरुजींना मुलगा-मुलगी यात रस नव्हता, त्यांना फक्त फी वेळेवर हवी असायची. :) घरातले बाकीचे म्हणायचे, हात राठ होतील, लग्नात बघतील. आईनं कुठून तरी तबलावादक अनुराधा पाल यांचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र कापून आणलं आणि देवघराच्या बाजूला चिकटवलं. कुणाशी वाद घातला नाही. चार वर्षं ते तिथंच होतं.

सध्या बी.एड. करतेय आणि वर्गात सादर करायला हाच विषय घेतला होता, म्हणून दोन गोष्टी सांगते. अमेरिकेत एबेल्स आणि पोर्टर या दोघांनी १९७८ साली मोठ्या माणसांना विचारलं होतं की तुमच्या मुलाला किंवा मुलीला कोणतं वाद्य द्याल. मुलींना बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन. मुलांना ड्रम, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट. मुलांच्या आवडी तपासल्या तर बालवाडीत फरक कमी आणि तिसरी-चौथीपर्यंत चांगलाच वाढलेला. म्हणजे मूल काही हे पोटातून शिकून येत नाही. ताई, तुमचा मुलगा चौथीत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. 'आपल्यात' हा शब्दही त्याच वयात ऐकू यायला लागतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. एडविन गॉर्डन नावाच्या संगीतशिक्षकांनी १९८४ साली एक चाचणी काढली. त्यात मुलांना वाद्य दाखवतच नाहीत, नावही सांगत नाहीत. यंत्रावर तयार केलेल्या सात वेगवेगळ्या नादांत तीच छोटी धून दोन-दोनदा ऐकवतात आणि विचारतात, यातला कोणता आवडला? मग त्या नादाच्या जवळची वाद्यं सुचवायची. आपल्याकडं ती चाचणी जशीच्या तशी चालणार नाही, ती त्यांच्या बँडमधल्या फुंकायच्या वाद्यांसाठी आहे. पण युक्ती घरी करून बघण्यासारखी आहे. मोबाईल पालथा ठेवायचा आणि तबला, ढोलकी, संबळ, पखवाज, हलगी, सगळं एकेक मिनिट ऐकवायचं. मी भाच्यावर केला हा प्रयोग. घरच्यांनी त्याला व्हायोलिन ठरवून ठेवलं होतं. त्यानं संबळ निवडला. भावानं व्हायोलिन आणलंच, ऑर्डर आधीच दिली होती. पाऊण साइजचं आहे, कुणाला हवं असेल तर सांगा.

आणि शरीराचंही बघा. माझ्या मैत्रिणीला मोठी, खर्जाची बासरी दिली होती, भोकांवर बोटंच पोचायची नाहीत, दोन महिने ती स्वतःलाच ढ समजत होती. लहान बासरी आणल्यावर आठवड्यात सूर लागला. कीबोर्डचंही तसंच, त्या बारीक पट्ट्यांच्या खेळण्यातल्यासारख्या कीबोर्डवर शिकलेलं मूल पुढं पूर्ण पट्ट्यांवर आलं की चाचपडतं.


कैताळ
२३ जानेवारी, सकाळी ७.५०

इथं सहसा वाचतो, लिहीत नाही. मी हलगीच्या घरातला. आजोबा, वडील, दोन्ही चुलते. आजोबा कुस्तीच्या फडात हलगी-घुमकं (घुमकं म्हणजे हलगीच्या साथीचं वाद्य) घेऊन असायचे. पैलवानाची पकड बघून ते चाल वाढवायचे, लोक म्हणायचे कुस्ती हेच लावतात.

ताई, 'आपल्यात कोण वाजवतं' यावर तुम्ही गप्प बसलात ते प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून उत्तर देतोय. आमच्याकडं हलगी कुणी निवडत नाही. ती असते. मयत असो, वरात असो, जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं, पैसे देतील तेवढे घ्यायचे, आणि जेवण बाहेर पत्रावळीवर. वडिलांनी म्हणून मला हलगीला हात लावू दिला नाही. पाचवीत असताना चोरून वाजवली म्हणून मार खाल्लाय. त्यांनी उसनवारी करून मला कीबोर्ड आणून दिला, एकसष्ट पट्ट्यांचा. आता मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, नोकरी सांभाळून. लोक 'सर' म्हणतात. त्यातला उलटेपणा तुमच्या लक्षात आलाच असेल. तुमच्या घरात कीबोर्ड नको म्हणून पोरगं रडतंय आणि आमच्या घरात तो यावा म्हणून वडिलांनी कर्ज काढलं.

राग नाही. आता शाळेच्या स्नेहसंमेलनात डॉक्टरांची पोरं फेटे बांधून हलगी वाजवतात, टाळ्या पडतात. वडील बघून हसतात. काय हसतात ते मी विचारलेलं नाही.

पेटीवाले सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तबला एक वर्ष आधी, हे पटत नाही. तबल्याची बोटं वेगळी, हलगीचं मनगट वेगळं. उजव्या हातातलं टिपरू ठोका देतं आणि डाव्या हातातली बारीक काडी बोटांवर खेळवावी लागते, कडकडाट तिथून निघतो. तबल्यावर वर्षभर बोटं आखडून बसलेलं पोरगं काडी आवळून धरतं. आमच्यात म्हणतात, काडी धरायची नाही, तिला नुसतं सांभाळायचं. त्या पोरानं 'थरथरायची' म्हटलं, ते शिकवून येत नाही सर.

कामाच्या गोष्टी. लहान मुलासाठी लहान कड्याची घ्या, लोखंडी कडं जड असतं, खांदा दुखतो. फायबरच्या पानाची (पान म्हणजे जिच्यावर वाजवतो ती बाजू) मिळते ती घ्यायची असेल तर घ्या, शेकावी लागत नाही, पावसाळ्यात उतरत नाही. पण आवाज पत्र्यासारखा. कातड्याची घेतलीत तर शेकायचं काम मोठ्या माणसानं करायचं. घरात गॅसवर तर मुळीच नाही, माझ्या चुलतभावानं एकदा गॅसवर धरून पान जाळलंय. दुकानातनं घेण्याआधी कुणातरी वाजवणाऱ्याला बरोबर न्या, नाहीतर शोभेची गळ्यात मारतील.

आणि शिकवणाऱ्याला क्लाससारखी महिन्याची फी द्या. ठरवून. हौसेखातर दाखवा की, असं म्हणू नका.


पूर्वभागवाला
२३ जानेवारी, दुपारी १.१०

आमच्या तेलुगू घरात याच जातीच्या वाद्याला डप्पू म्हणतात, कानडीत हलगे. मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात नारळी पौर्णिमेला बघा, पद्मशाली समाजाची चांगली सुशिक्षित पोरं रथापुढं कितीतरी तास नाचत-वाजवत जातात. तिथं कुणी विचारत नाही, आपल्यात कोण वाजवतं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं घरी गिटारच्या क्लासला. मिरवणुकीत वाजवणं आणि 'शिकणं' या दोन वेगळ्या खात्यांत टाकलेल्या गोष्टी आहेत आपल्याकडं. माझं स्वतःचं म्हणाल तर लेझीम. तिला वाद्य म्हणायचं की व्यायाम, यावर आमच्या मंडळात एकदा मारामारी झाली होती.


पेटीवाले_सर
२३ जानेवारी, सायंकाळी ६.४०

कैताळ, मान्य. काडीचं मला माहीत नव्हतं. मी तबल्याच्या खिडकीतून बघत होतो. एक वर्षाचा सल्ला मागं घेतो.

फीबद्दल लिहिलंत तेही बरं केलंत.


जुळेसोलापूरची_आई
२६ जानेवारी, रात्री ९.१५

सगळ्यांना धन्यवाद. उशीर झाला, कारण घरात बरंच काही घडत होतं.

मोबाईल पालथा ठेवायचा प्रयोग केला. मिस्टर आणि सासूबाई दोघांनाही शेजारी बसवलं, मुद्दाम. मुलानं हलगी ओळखली त्यात नवल नाही. पण पखवाज लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हा बंद करू नको." पुढची पाच मिनिटं आम्ही पखवाजच ऐकत बसलो. सासऱ्यांच्या भजनात पखवाजाला कोण असायचं, त्याची बायको कशी होती, इथपर्यंत विषय गेला.

आज सुट्टी होती म्हणून पेटी खाली काढली. सर, तुमचा अंदाज तंतोतंत. भाता फाटलाय, आतून उंदरानं घर केलेलं. सासूबाई ती ओल्या फडक्यानं पुसत होत्या, तेवढ्यात यानं पेटी पलटी केली आणि मागच्या फळीवर सुरू. खराट्याची काडी तयारच होती. मला वाटलं, आता बसतोय याला धपाटा. सासूबाईंनी हात उचललाही. मग म्हणाल्या, "ते पण हेच करायचे. पेटी बिघडली की पाठीवर वाजवायचे, भजन थांबवायचे नाहीत." मला दहा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

'आपल्यात'चं काही त्या बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही, अजून जमलं नाही. मिस्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, हलगीला हेडफोन लागतो का.

कैताळ, तुम्ही लिहिलेलं मी मुलाला वाचून दाखवलं, मारापर्यंतचं सगळं. त्यानं विचारलं, "मग त्यांना येते का वाजवायला?" तुम्हालाच विचारते. आणि येत असेल, आणि वडिलांची हरकत नसेल, तर रविवारी सकाळी तास ठरवायचा का? फी तुम्ही सांगाल ती. हलगी घ्यायला बरोबर याल का, तेही सांगा. लहान कड्याची म्हणालात, ती किती इंचाची बघायची?